डावा रोल, उजवा रोल

पाणी ग्लासात न पडता ग्लासच्या अलीकडे पडलं. बाईंनी नजरेनंच अंतर मोजलं: कडेपासून दोन सेंटिमीटर, फार तर सव्वादोन. ओतणाऱ्याचा हात थरथरत नव्हता, धार सरळ होती, पाण्याचा जगही नेहमीच्या उंचीवर धरलेला होता. चुकली होती ती फक्त जागा.

"टेबलाचा एक पाय आखूड झालाय," चष्मेवाले म्हणाले.

"टेबलाचे पाय आखूड होत नाहीत," बाई म्हणाल्या आणि फडकं आणायला उठल्या.

"तुझ्या शास्त्रात नसतील होत."

आठवड्यातली ही तिसरी वेळ होती. बाईंनी चौतीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काढली होती. मोजमाप कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला चुकलं की दोष हाताचा, आणि दर वेळी एकाच बाजूला चुकलं की दोष उपकरणाचा, हे त्यांनी तिथल्या नव्या मुलींकडून घोकून घेतलं होतं. तिन्ही वेळा पाणी अलीकडेच पडलं होतं.

टेबल पुसून झालं तरी त्या काही बोलल्या नाहीत. या घरात न बोलण्याचा सराव जुना होता.

चष्मेवाले म्हणजे त्यांचे पती. पस्तीस वर्षं त्यांनी चौकातल्या दुकानात लोकांच्या नाकांवर चष्मे बसवले आणि त्यांचं खरं नाव पत्रपेटीपुरतं उरलं. प्रयोगशाळेतलं 'बाई' तसंच घरापर्यंत चालत आलं होतं. नवराही रागावला की बाई म्हणायचा आणि लाडात आला तरी बाईच. आणि त्यांची मुलगी होती भिंगरी. भिंगवाल्याची म्हणून भिंगरी, आणि पाय एका जागी ठरत नसत म्हणूनही.

चष्मेवाल्यांना नाद होता तो जोडचित्रांचा. दोन सारखे कॅमेरे त्यांनी तळाला तळ लावून एका पट्टीवर आवळले होते. दोन भिंगांमधलं अंतर माणसाच्या दोन डोळ्यांपेक्षा जरासंच जास्त. एकच बटण दाबलं की दोन्ही कॅमेरे एका क्षणी उघडत. एकात डाव्या डोळ्याचं चित्र, दुसऱ्यात उजव्या. फिल्म धुऊन तिच्या स्लाइड झाल्या की बाई कात्री घेऊन बसत. डाव्या रोलमधली एक चौकट, उजव्यामधली तीच चौकट, दोन्ही एका पुठ्ठ्यात शेजारी शेजारी, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक न ठेवता. मग तो पुठ्ठा दोन भिंगांच्या व्ह्यूअरमध्ये सरकवून खिडकीकडं धरायचा. आधी दोन चित्रं दिसत, मग ती एकमेकांत शिरत आणि एकदम आतली हवा दिसू लागे. झाडाच्या फांदीमागं फांदी, तिच्यामागं भिंत, भिंतीमागं आभाळ.

"काय खोली आहे बघ," चष्मेवाले म्हणायचे.

भिंगरी तेव्हा पाच वर्षांची होती. व्ह्यूअरला डोळे लावून तिनं बराच वेळ शोधलं आणि विचारलं, "बाबा, एकच आहे की दोन खोल्या आहेत?"

तेव्हापासून घरात प्रत्येक चित्राच्या खोल्या मोजल्या जायच्या. समुद्राचं चित्र सात खोल्यांचं. मावशीचं एकाच खोलीचं, कारण मावशीनं पूर्ण चौकट भरून टाकली होती.

भिंगरीची सहाशे चाळीस जोडचित्रं घरात होती. तिसऱ्या महिन्यापासून बाविसाव्या वर्षापर्यंतची, सगळी स्लाइडवर. फक्त शेवटची बारा अजून कुणीच पाहिली नव्हती. ती फ्रीजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात, दोन डब्यांमध्ये होती. एका डबीवर 'डा', दुसरीवर 'उ'. अकरा वर्षं.

त्या सकाळी भिंगरीला इस्पितळात दाखल करायचं होतं. ऑपरेशन लहानसंच होतं, सगळे तसंच म्हणत होते. बाईंचे काही नमुने त्याच दिवशी तपासून व्हायला हवे होते. त्या भल्या सकाळी कामावर गेल्या आणि तिथून परस्पर इस्पितळात येते म्हणाल्या. त्या पोचल्या तेव्हा मुलीला आत नेलेलं होतं. नंतर त्यांनी तिला पाहिलं ते डोळे मिटलेलं, आणि ते डोळे उघडले नाहीत. म्हणजे त्या सकाळी आठ ते साडेनऊ या वेळात बाल्कनीत उभी राहून, पिशवी खांद्याला लावून, बापाच्या कॅमेऱ्यांकडं बघत भिंगरी काय करत होती, हे फक्त चष्मेवाल्यांना ठाऊक होतं. ते म्हणत, "हसत होती." त्यापलीकडं त्यांना सांगता येत नसे.

रोल लगेच का धुवून घेतले नाहीत, याला पहिल्या वर्षी कारण लागत नव्हतं. दुसऱ्या वर्षी वाद सुरू झाला. फिल्म काळी-पांढरी होती. ती दोन तऱ्हांनी धुता येत होती. सरळ धुतली की निगेटिव्ह मिळते आणि तिच्यावरून कागदावर हवे तेवढे प्रिंट काढता येतात. उलटी धुतली की त्याच फिल्मची स्लाइड होते, एकुलती एक, निगेटिव्ह मागं राहत नाही. दोन्हींपैकी एकच. एकदा धुतली की मागं फिरायचं नाही.

चष्मेवाल्यांना स्लाइडच हवी होती. "प्रिंट म्हणजे नक्कल," ते म्हणत. "तिच्या अंगावरून निघालेला उजेड ज्या फिल्मवर पडला, ती फिल्म हातात हवी. तिच्यातली चांदी त्या उजेडाला शिवलेली आहे. कागदाला काय माहीत ती कोण होती?"

बाई म्हणत, "प्रिंट टिकतात. बुरशी लागली तर दुसरा काढता येतो." शेजारी शेजारी चिकटवलेले दोन प्रिंटही भिंगांतून बघितले तर खोली दाखवतात, स्लाइडइतकी लखलखीत नाही एवढंच, हेही त्या सांगत.

खरं कारण त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. भिंगरी गेल्यावर महिन्याभरानं त्यांनी तिचं एक जुनं जोडचित्र व्ह्यूअरमध्ये घातलं होतं. पायरीवर बसून ती बुटाची नाडी बांधत होती. केसांची एक बट कानापासून सुटी, हवेत. बाईंचा हात आपोआप पुढं गेला आणि व्ह्यूअरच्या काठावर आपटला. मग त्यांनी तो डोळ्यांवरून काढला, आणि समोर स्वयंपाकघर होतं. त्या दिवशी त्यांना कळलं की स्लाइडमध्ये माणूस खराच येतो आणि दर वेळी खराच जातो. प्रिंट बरा. तो हातात असतो, टेबलावर असतो, तो कुठं येत नाही आणि कुठं जात नाही.

दुसरीही एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती, आणि ती जास्त जड होती.

अकरा वर्षांत वाद झिजून झिजून दोन शब्दांवर आला होता. कुणीतरी लोण्याचा कप्पा उघडे, डब्या दिसत.

"स्लाइड," चष्मेवाले म्हणत.

"पुढच्या महिन्यात बघू," बाई म्हणत.

थंडाव्यातही फिल्म हळूहळू धुरकटत जाते, हे बाईंना माहीत होतं. काही न ठरवणं हाही एक निकालच असतो, हेही. पण डब्या बंद होत्या तोवर बाराच्या बारा चित्रं चांगली होती.

या महिन्यात मात्र रोलवाल्याचा, म्हणजे चष्मेवाल्यांच्या फिल्म वर्षानुवर्षं धुणाऱ्याचा, फोन आला. "वहिनी, धुलाईची टाकी शेवटची भरतोय शनिवारी. गुडघे म्हणतायत आता बस कर. दादांचं ते जुनं काय आहे, ते आणायचं असेल तर आणा. नाहीतर मग उलटी धुलाई करणारा माणूस शोधायला तुम्हाला चंद्रावर जावं लागेल."

फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी बाईंच्या देखत पाणी पहिल्यांदा ग्लासच्या अलीकडे पडलं.

बाईंनी सरळच विचारून पाहिलं. "डोळे तपासून घ्या एकदा."

"मी? मी डोळे तपासू?" चष्मेवाल्यांनी खुर्चीतच पाठ ताठ केली आणि दुकानातला अक्षरांचा तक्ता वरच्या ओळीपासून खालच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. "झालं समाधान?"

"तक्ता इथं नाहीच आहे."

"म्हणूनच तर. तो नसतानाही मला दिसतो."

मग मंगळवारी बाईंनी ते केलं ज्याची त्यांना नंतर लाज वाटली. फिल्मची चाचणी घ्यायला चष्मेवाल्यांनी एकदा वेताची खुर्ची अनेक वेळा टिपली होती. त्या स्लाइड सुट्याच पडून होत्या. बाईंनी त्यातल्या दोन निवडल्या, दोन्ही डाव्या कॅमेऱ्यातल्या. दोन्हींत खुर्ची तसूभरही हललेली नव्हती. त्या त्यांनी एका पुठ्ठ्यात शेजारी शेजारी बसवल्या. दोन डोळ्यांना एकच चित्र दिलं की खोली उरत नाही. खुर्ची भिंतीवर चिकटवल्यासारखी सपाट दिसते. दोन्ही डोळे शाबूत असलेल्या कुठल्याही माणसाला ते लगेच कळतं. चष्मेवाल्यांना तर झोपेतही कळलं असतं.

"हे नीट बसलंय का बघा," म्हणून त्यांनी व्ह्यूअर पुढं केला.

चष्मेवाल्यांनी तो खिडकीकडं धरला. बराच वेळ पाहिलं. मान थोडी डावीकडं गेली, परत आली.

"वा," ते म्हणाले. "खुर्ची कशी पुढं आलीय बघ. हात लावावासा वाटतो."

बाईंनी व्ह्यूअर परत घेतला. बेसिनपाशी जाऊन त्यांनी नळ सोडला आणि धुवायला काही नसताना हात धुतले.

शनिवारी सकाळी दोघं निघाले. डब्या बाईंच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेल्या. रस्ता ओलांडताना चष्मेवाल्यांनी त्यांचा दंड धरला, आणि पदपथाच्या कडेशी पाय आधी हवेतच चाचपला. बाई थोड्या हळू चालल्या, जणू त्यांनाच दम लागला होता.

रोलवाल्याचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळ. पुढं काउंटर, मागं काळा पडदा, पडद्यामागून आंबूस वास. त्याची नखं रसायनांनी तपकिरी झालेली होती. त्यानं डब्या उघडल्या नाहीत, नुसत्या कानाशी हलवल्या.

"अकरा वर्षं," तो म्हणाला. "दादा, फ्रीजमध्ये दूध दोन दिवस टिकतं, फिल्म दोन वर्षं. तुम्ही तर तिचं बस्तानच बसवलंत तिथं." मग बाईंचा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. "सरळ धुऊ की उलटी?"

"उलटी," चष्मेवाले म्हणाले. "स्लाइड."

"धोका आहे. धुरकट झालेल्या फिल्मची स्लाइड फिकी निघते, काळा रंगच उरत नाही. कदाचित नुसती राखाडी पट्टी येईल. सरळ धुतली तर धुरातूनही प्रिंट काढता येतो. जास्त वेळ उजेड दिला की झालं."

"प्रिंट म्हणजे नक्कल," चष्मेवाल्यांनी सुरुवात केली, आणि बाईंनी काउंटरच्या काचेकडं बघितलं. "मला ती चांदी हवी, जिच्यावर तिचा उजेड पडला. तीच. दुसरी कुठली नको."

रोलवाला गोंधळला. "मग उलटी कशाला म्हणताय? उलट्या धुलाईत तीच तर जाते."

"काय जाते?"

"चांदी, दादा. असं बघा." त्यानं तळहात काउंटरवर पसरला. "उजेड जिथं पडला तिथली चांदी पहिल्या पाण्यात काळी होते. ती निगेटिव्ह. सरळ धुलाईत आपण तिथंच थांबतो, तीच पक्की करतो. उलटीत ती काळी झालेली सगळी ब्लीचमध्ये विरघळवून टाकायची. मोरीत जाते ती. मग उरलेली, जिला उजेड शिवलाच नाही, ती काळी करायची. तिची स्लाइड. तुमच्या सगळ्या काळ्या-पांढऱ्या स्लाइड तशाच तर केल्यात मी." तो हसला. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. वहिनींना विचारा, त्यांना तर हे झोपेतही पाठ असेल."

मागं कुठंतरी नळ गळत होता. चष्मेवाल्यांनी मान वळवली. पूर्ण वळवावी लागली, कारण बाई त्यांच्या उजव्या बाजूला उभ्या होत्या.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून," बाई म्हणाल्या.

"आणि मी अकरा वर्षं तुला तेच वाक्य ऐकवतोय."

"हो."

"एकदा सांगायचंस. तिथंच मिटलं असतं. तूच जिंकली असतीस की गं."

बाईंनी काउंटरवरची 'डा'ची डबी सरळ केली. "ती गेल्यावर तुमच्याकडं तेवढं एकच वाक्य राहिलं होतं. ते काढून घेतलं असतं तर त्या जागी मी काय ठेवणार होते?"

रोलवाला पडद्याआड जाऊन काहीतरी शोधू लागला. तिथं शोधण्यासारखं फारसं काही नसावं. बाटल्या नुसत्या इकडच्या तिकडं होण्याचा आवाज येत राहिला.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत घातला. "मग मीही सांगतो. माझा उजवा डोळा गेलाय. एका सकाळी उठलो तर खालून अर्धा पडदा, दुपारपर्यंत पूर्ण. तीन महिने झाले."

"माहीत आहे."

"तेही माहीत आहे?"

"तीन महिने झाले हे माहीत नव्हतं. मंगळवारी खुर्चीचं चित्र दाखवलं होतं ना, त्यात दोन्ही बाजूंना डावंच चित्र होतं."

चष्मेवाले जरा पुढं झुकले. "आणि मी काय म्हणालो?"

"खुर्ची पुढं आलीय म्हणालात. हात लावावासा वाटतो."

त्यांच्या घशातून आवाज आला. तो हसण्याचा होता की कसला, बाईंना ठरवता आलं नाही.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "असं करायला नको होतं."

"रीत बरोबर होती. दुकानात चष्म्याच्या हौसेनं खोटं बोलणारी पोरं मीही अशीच पकडायचो." त्यांनी काउंटरच्या काठावर दोन्ही हात ठेवले. "मला वाटलं, तुला कळलं तर तू म्हणशील, आता स्लाइड कशाला, यांना काय उपयोग. म्हणून बोललो नाही. मला उपयोग नाहीच. मी बघितलंय तिला त्या सकाळी, दोन्ही डोळ्यांनी. तू नव्हतीस." मग जरा थांबून, "पिशवीचा पट्टा सारखा घसरत होता. ती तो वर ओढायची आणि हसायची. हे मला सांगून दाखवता येत नाही, बाई. मला येतच नाही ते."

अकरा वर्षांत पट्ट्याचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. बाईंनी पर्सचा बंद पकडला आणि तो सोडायला त्यांना जमेना.

"तू ठरव आता," चष्मेवाले म्हणाले. "माझं वाक्य तर मोरीत गेलं."

रोलवाला परत आला. त्याच्या हातात एक पोलादी टाकी होती, चहाच्या डब्याएवढी, झाकणाची. त्यानं ती काउंटरवर ठेवली.

"मी एक सुचवू का, वहिनी? सरळच धुऊ, पण आधी एकच रोल. डावा समजा. किती वेळ द्यायचा ते मला आज सांगता येत नाही. कमी पडला तर चित्र येणार नाही, जास्त झाला तर धूर चढेल. डाव्यावर काय निघतं ते बघू आणि उजव्याला त्या हिशोबानं धुऊ. एक बिघडला तरी एक हातात राहील. दादांना तसाही..." तो अडखळला. "म्हणजे, साधे प्रिंट एका रोलवरूनही होतात."

त्याचं बरोबर होतं. प्रयोगशाळेत कुणी बाईंना सगळा नमुना एकदम वापरू का विचारलं असतं, तर त्यांनी त्या मुलीला घरी पाठवलं असतं. आधी थोडा घ्यायचा, बघायचं, मग उरलेला. चौतीस वर्षं दुसरं काही सांगितलं नव्हतं. डावा रोल चाचणीला दिला तर निदान उजव्यातली बारा चित्रं नक्की मिळतील. सपाट, टेबलावर ठेवता येणारी, कुठंही न जाणारी. त्यांना हवी होती अगदी तशी.

पण वेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पाण्यात धुतलेले दोन रोल एकसारखे होत नाहीत. एका डोळ्याला गडद, दुसऱ्याला फिकट. मग दोन चित्रं एकमेकांत नीट शिरत नाहीत, झगमगतात, डोळे दुखतात. पट्टा खांद्याच्या पुढं किती घसरला होता आणि तो वर ओढताना कोपर किती बाहेर आलं होतं, ते कुणालाच पुन्हा दिसणार नाही. एकाला दिसू शकत नाही म्हणून, आणि दुसरीला बघायची भीती वाटते म्हणून.

त्यांनी रुमाल उलगडून घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. डब्या काउंटरवर होत्या. 'डा' चष्मेवाल्यांच्या बाजूला, 'उ' बाईंच्या. बाहेरून एक गाडी गेली आणि काच हलली.

"वहिनी?" रोलवाला म्हणाला.

बाईंनी 'उ'ची डबी उचलली, 'डा'च्या शेजारी, तिला टेकवून ठेवली आणि दोन्ही मिळून त्याच्याकडं सरकवल्या. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला, पण शब्द स्पष्ट होते.

"निगेटिव्ह करा," त्या म्हणाल्या. "दोन्ही रोल. एकाच टाकीत."